मारुतीच्या गंजीचं गणित

मारुती,

त्या शनिवारी दुपारपासून रविवारी दुपार कलेपर्यंत मी गंजीपाशी नव्हतो. त्या दोन दिवसांचे जे आकडे मी तुला मोबाईलवर पाठवले, ते मोजलेले नव्हते. मी ते जुळवले होते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, देवापुढं नाही, आणि तुला तर नाहीच. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. तुझी लेक त्याच शनिवारी जन्मली, आणि ती आता दहावीला आहे. तिचं वय कुणी विचारलं की मला माझ्या खोटेपणाचं वय आठवतं. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी काका म्हणून आलो, जेवलो, आणि तसाच घरी गेलो.

भोरच्या आपल्या क्लासची जुनी मुलं परवा आली होती. "सर, मारुतीसरांवर छोटा अंक काढतोय. तुम्ही लिहा. तुमच्याइतकं कोण ओळखतं त्यांना?" मी हो म्हणालो. त्यांना वाटत असणार, मी तुझ्या फळ्याबद्दल लिहीन. तू डाव्या हातानं लिहायचास आणि लिहिता लिहिता उजव्या बाहीनं पुसतही जायचास, त्यामुळे तुझ्या वेगानं उतरवून घेणं हीच मुलांची पहिली परीक्षा असायची. हे सगळं खरं आहे, आणि नुसतं एवढंच लिहायला मला फार आवडलं असतं. पण पोटात हे ठेवून ते लिहिलं, तर तेही जुळवलेलंच होईल.

तुला ठाऊक असलेलं थोडं तुलाच सांगतो. रागावू नकोस. मुलं वाचणार आहेत, त्यांना गंजी कुठली ते कळायला हवं.

वेल्ह्याच्या वर, जीप जिथं धापा टाकून थांबते, तिथून पुढं चढून गेलं की तुमची वस्ती. मोजकी घरं, शेरडं-मेंढरं, आणि मधून जाणारा एक ओहळ. ओहळाच्या अलीकडं तुमचं घर, पलीकडं तुझ्या कोंडीबामामांचं. तू लहान असताना तुमच्या वर्षाच्या गवताची गंजी जळाली. आदल्याच दिवशी तुझे वडील आणि मामा यांची गवताच्या हद्दीवरून तोंडातोंडी झालेली. मग काय, दुसरा कोण असणार? वस्तीनं मामांना देवळात नेलं आणि पुढ्यात भंडारा ठेवला. खरा असशील तर उचल आणि शपथ घे. मामा म्हणाले, "म्या केलंच न्हाई, तर देवाला कशापायी मधी घालू?" आणि भंडाऱ्याला हात न लावता निघून गेले. झालं. न उचललेला भंडारा हाच पुरावा ठरला. पुढच्या दिवाळीपासून तुझ्या आईनं सख्ख्या भावाला ओवाळलं नाही. तो ओहळ शेरडूसुद्धा उडी मारून ओलांडतं, पण ती दोघं भावंडं त्याच्या दोन काठांवर म्हातारी झाली.

हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस ते नसरापूरला, आपली एसटी चुकली तेव्हा. चहाच्या गाड्यापाशी उभे होतो.

"शिऱ्या, त्या वर्षी परतीचा पाऊस हटतच नव्हता. बाबांनी ओलंच गवत रचलं. ओलं गवत दाबून रचलं की आतून तापतं. तापलं की आणखी तापतं. मामानं काडी लावलीच नसेल तर?"

"मग कशानं पेटली?"

"गणितानं," तू म्हणालास, आणि स्वतःच एवढा हसलास की चहा अंगावर सांडलास.

आता नसरापूरला उतरलो की मी त्या गाड्याकडं बघत नाही. सरळ भोरची गाडी बघतो.

तुझं समीकरण दिसायला साधं होतं. गंजीच्या पोटात उष्णता किती वेगानं तयार होते आणि बाहेरच्या थरांतून किती वेगानं निसटते, या दोन्हींतल्या फरकावर तापमान चढणार की उतरणार ते ठरतं. गोम अशी, की उष्णता तयार होण्याचा वेग पुन्हा तापमानावरच अवलंबून. असलं समीकरण सूत्रात घालून एका दमात सुटत नाही. आत्ताचा उतार बघायचा, थोडं पुढं जायचं, तिथला उतार बघायचा, पुन्हा पुढं. पावलापावलानं. पण पाऊल केवढं टाकायचं? फार लहान टाकलं तर उत्तर येईपर्यंत जन्म जाईल. फार लांब टाकलं तर मधलं वळण हुकेल.

तू म्हणायचास, पाऊल आपण ठरवायचंच नाही, वाटेला ठरवू द्यायचं. तेवढंच अंतर एकदा अख्ख्या पावलानं जायचं आणि एकदा दोन अर्ध्या पावलांनी. दोन्ही उत्तरं जुळली तर वाट सरळ आहे, पुढचं पाऊल खुशाल लांब टाक. जुळली नाहीत तर मधे काहीतरी वळतंय. मग ते पाऊल रद्द. होतो तिथं परत यायचं आणि लहान पावलानं निघायचं. क्लासच्या जुन्या कॉम्प्युटरवर तू हे सगळं बसवलंस. पाऊल रद्द झालं की पडद्यावर तूच घातलेले दोन शब्द उमटायचे: मागं फिर.

सुरुवातीला प्रोग्राम ढांगा टाकत जायचा. गंजी नुसती कोमट, दिवसच्या दिवस एका पावलात. मग एका जागी अडखळायचा. मागं फिर. मागं फिर. मागं फिर. पडदा भरून जायचा. पाऊल दिवसाचं व्हायचं, मग तासाचं, मग मिनिटांचं. आणि मग रेघ कड्यासारखी उभी वर.

"हितं," तू पडद्यावर बोट टेकवून म्हणालास, "हितं पेटती ती." तू उत्साहात आलास की तुझी भाषा वस्तीवर जायची.

आपलं भांडण इथंच सुरू झालं आणि ते कधी संपलं नाही. मी फिजिक्सवाला, मला ठरावीक अंतरानं मोजलेलं बरं वाटतं. "घड्याळ बघ," मी म्हणायचो, "सगळ्या तासांना सारखं वागवतं."

"म्हणूनच घड्याळाला काही कळत नाही."

"आणि ती रद्द झालेली पावलं? एवढी मेहनत फुकट?"

"फुकट कशी? वळण कुठं आहे हे त्यांनीच तर सांगितलं. तू चहासुद्धा ठरावीक घोटांनी पितोस रे शिऱ्या, तुला काय सांगायचं."

एकदा मी विचारलं होतं, की दोन उत्तरं अगदी तंतोतंत कधीच जुळणार नाहीत, मग किती फरक चालवून घ्यायचा? तू म्हणालास, ते निघायच्या आधी ठरवायचं. किती चूक चालेल ते आधी सांगायचं, मग पहिलं पाऊल. मी म्हणालो, "आणि ते कोण ठरवणार?" तू म्हणालास, "ज्याला त्या उत्तराबरोबर जगायचंय तो." मी तेव्हा हसलो होतो. ह्यात गणित कुठंय, म्हणालो होतो. तुला उत्तर द्यायचं होतं, पण मुलं आली आणि तास सुरू झाला. मला ते भांडण जिंकायचं नव्हतंच. रोज संध्याकाळी तास सुटल्यावर ते थोडं थोडं चालू राहावं, एवढंच हवं होतं.

गंजीचा करार तुझ्या आईबरोबर झाला तेव्हा मी तिथं होतो. चुलीपुढं ती नाचणीची भाकरी थापत होती, तू उंबऱ्यावर.

"आये, माळावर ओली गंजी रचतो. कुणी हात न लावता पेटली, तर मामाला घरात घेशील?"

तिनं मान वर केली नाही. "पेटू दे की. मंग भाऊबीजंला मीच जाऊन आनीन त्याला."

"शब्द?"

"शब्द. आन् न्हाई पेटली, तर पुन्यांदा त्याचं नाव माज्यापुढं काडायचं न्हाई."

"कबूल," तू म्हणालास. एवढ्या सहज म्हणालास. तुझा तुझ्या गणितावर विश्वास होता, आणि माझ्यावर होता.

पाऊस उघडताच आपण गंजी रचली. गवत ओलं, हाताला थंड लागणारं. पायांनी तुडवून तुडवून दाबलं. पोटात लोखंडी पाइप, त्यात वायरचा थर्मामीटर. जागा ओहळाच्या पलीकडं, मामांच्या बाजूला, कारण घरांपासून लांब सपाट जागा तेवढीच होती. मामा त्यांच्या अंगणातून बघायचे. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. तू म्हणालास, आधी पेटू दे, मग सांगू, उगीच म्हाताऱ्याला आशा नको. त्यांना वाटलं, मास्तरलोकांचं काहीतरी खताचं वगैरे असेल.

क्लासला दिवाळीची सुट्टी. सुरेखावहिनींचे दिवस भरले होते, म्हणून तू खाली भोरला, दवाखान्याच्या जवळ. वर राहायचं मी. निघताना तू मला बजावलंस: आकडा हळू चढतोय तोवर सकाळ-संध्याकाळ बघ. चढ वाढला की तासाला. त्याच्याहून वाढला की तिथून हलायचं नाही. "पाऊल तू ठरवायचं नाही. गंजी ठरवेल."

बरेच दिवस आकडा मुंगीसारखा चढत राहिला. सकाळी बघायचो, संध्याकाळी बघायचो, मधे तुझ्या आईच्या हातचं कारळ्याचं तिखट आणि भाकरी. आणि मग शनिवारी सकाळी आकडा आदल्या संध्याकाळपेक्षा बराच वर होता. एका रात्रीत कधी चढायचा नाही तेवढा चढला होता. मला कळलं. हे मी साफ सांगतो, मारुती. चुकून झालं नाही. मला कळलं, की तुझ्या पडद्यावर आता मागं फिर, मागं फिर सुरू झालं असतं.

त्याच दुपारी मला पानशेतला जायचं होतं. तुझ्या आईला सांगितलं, आज रात्री गंजीपाशीच झोपतो.

पुण्यातल्या एका मोठ्या क्लासच्या मालकाचा तिथं पाण्याकाठी बंगला होता. त्यांनी बोलावलं होतं, मासे खायला या, तुमच्याबद्दल बोलू. मला आपला क्लास सोडून पुण्याला जायचं होतं. भोरात राहून आपलं काय होणार, असं त्या वर्षी मला सारखं वाटायचं, आणि तुला ते सांगायची हिंमत नव्हती. तू विचारलं असतंस, "का रे?" मी स्वतःला म्हणालो, एका दिवसानं काय होतंय? अलीकडचा आकडा आहे, पलीकडचा येऊन बघेन. दोन टोकं असली की मधली रेघ काढता येते. एक लांब पाऊल टाकलं मी. नेमकं तिथं.

नोकरीचं बोलणं झालंच नाही. त्यांचे इतर पाहुणे होते, त्यांना वाढायला माणूस कमी होता, तर मी मासे वाढले. त्यात उशीर झाला, राहिलो. सकाळी निघताना ते म्हणाले, "बघू." तुला सांगितलं असतं तर तू महिनाभर हसला असतास. मासे वाढायला गेलेला फिजिक्सवाला.

रविवारी दुपार कलताना मी चढण चढत होतो. शेवटच्या वळणावरच वास आला. जळक्या गुळासारखा, तंबाखूसारखा. वर पोचलो तर गंजी उस्कटून माळभर पसरलेली, ओली, वाफ निघत असलेली. आणि शेजारी दगडावर कोंडीबामामा बसलेले, पुढ्यात रिकामी घागर. हाताला काजळी, एक पंजा भाजलेला, त्यावर ओलं फडकं.

"कुटं व्हता मास्तर?"

मी गंजीकडं वळलो.

"आतनं पेटली ओ. धूर दिसला म्हनून पळत आलो. ह्ये बगा." त्यांनी गवताची एक पेंढी उचलून दाखवली. बाहेरच्या अंगाला जशीच्या तशी, पिवळी-हिरवी. आत काळी. मुठीत धरली की भुगा. "भाईरनं काय न्हाई. पोटात कोळसा. असं कंदी बगितलं न्हाई म्या."

तू पडद्यावर बोट टेकवलं होतंस, तेच ते होतं. ते माळावर पडलं होतं आणि त्यातून वाफ येत होती.

मग मामा माझ्याजवळ आले. आवाज खाली आणला. "मास्तर, कुनाला सांगू नगा. हितं म्या एकलाच व्हतो. पुन्यांदा माज्याच नावावर घालतील. लई सोसलंय एकडाव." आणि वडिलांच्या वयाच्या त्या माणसानं भाजलेल्या हातानं मला हात जोडले.

त्यांच्या हातात होती ती त्यांची सुटका होती, आणि ती ते मला लपवायला सांगत होते. कारण ती सुटका आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, मामा, चला, ही पेंढी अशीच तुमच्या बहिणीला दाखवू. पण वाटेवर पहिला प्रश्न तोच आला असता, जो त्यांनी मला आल्या आल्या विचारला होता. आणि तो नंतर तू विचारला असतास.

मी म्हणालो, "बरं."

आम्ही दोघांनी मिळून सगळं काळं गवत दरीत लोटलं. उरलेल्याची गंजी पुन्हा रचली. मामांनी तर माझ्यापेक्षा सुबक रचली. मग त्यांच्या घरी नेऊन मला पेलाभर दूध दिलं. मी ते प्यायलो.

रेंजसाठी डोंगराच्या सोंडेवर चढलो तेव्हा तुझा शनिवारचा निरोप येऊन पडलेला होता. "मुलगी झाली. तिकडं काय?" मी लिहिलं, "अभिनंदन. इकडं सगळं सरळ." आणि तिथंच बसून दोन दिवसांचे आकडे तयार केले. हळूच चढणारे, जरा टेकणारे, हळूच उतरणारे. एखाद्या टेकाडासारखे. मला ते काम चांगलं जमलं, हे सांगायचीही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात तू पेढे घेऊन वर आलास. गंजीकडं बघून म्हणालास, "बसली की रे."

"बसली."

"बसायचीच." आणि तू तिच्यावर हात ठेवून उभा राहिलास, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

भोरला आल्यावर तू दोन रेघा एकावर एक काढल्यास. तुझा कडा आणि माझं टेकाड. तू खूप वेळ बघत राहिलास. आता विचारेल, आता विचारेल, असं मला होत होतं. आणि मारुती, विचारावंस असंही वाटत होतं. तू म्हणालास, "माझं कुठंतरी चुकलं."

"आकडे परत बघायचे का?" मी म्हणालो. आवाज माझाच होता का, कोण जाणे.

"गणित चुकू शकतं, शिऱ्या. तू तर तिथं होतास."

तुझ्या आईनं फक्त एवढं विचारलं, "न्हाई पेटली न्हवं?" तू म्हणालास, "न्हाई, आये." "मंग झालं," म्हणाली आणि चुलीकडं वळली. तिनं शब्द पाळला. तू पण पाळलास. तिच्यापुढं मामांचं नाव पुन्हा काढलं नाहीस.

पण चूक शोधायचं तू सोडलं नाहीस. क्लास सुटला, मुलं गेली, की तो जुना कॉम्प्युटर चालू करायचास. चालेल एवढी चूक कमी करून बघितलीस, वाढवून बघितलीस. पाऊल टाकायच्या दुसऱ्या पद्धती शिकलास. ओल बदललीस, गंजीची उंची बदललीस. दर वेळी प्रोग्राम त्याच जागी येऊन थांबायचा. मागं फिर. मागं फिर. "हितं काहीतरी हाय," तू म्हणायचास. "पाऊल लहान करायला मागतंय." मी चहा आणायला उठायचो.

"बरा वेळेवर उठतोस रे," तू म्हणायचास.

बरोबर असलेल्या गणितातली चूक तू वर्षानुवर्षं शोधलीस. माझ्यामुळे. आणि त्यातून तुझ्यावर जो परिणाम झाला तो मी रोज बघितला. आधी तू मुलांना म्हणायचास, "हे असंच आहे." नंतर म्हणायला लागलास, "हे बहुतेक असं आहे." मुलांना तो तुझा नम्रपणा वाटायचा.

पुण्याला मी गेलो नाही. कुणी बोलावलंही नाही पुन्हा. आणि एवढं सगळं पोटात असून सांगतो, की आपल्या क्लासमधली ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं आहेत. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तू माझे तासही घेतलेस, न विचारता. प्रकाशाचा धडा तू असा काही शिकवलास, की त्या वर्गाची मुलं अजून भेटली की आधी भिंगावर हसतात आणि मग पाया पडतात. ज्याला येतंय त्याच्यापाशी तू रेंगाळायचा नाहीस. ज्याला अडलंय त्याच्या बाकावर जाऊन बसायचास, आणि तिथून हलायचा नाहीस. तू जसं गणित करायचास तसाच माणसांशी वागायचास. माझ्यापाशी मात्र तू लांब ढांगा टाकत आलास. इथं सगळं सरळ आहे, हे तुला मीच कळवलं होतं.

या गणपतीत नसरापूरला आपण शेवटचे भेटलो. तोच गाडा. तू म्हणालास, "या दिवाळीत परत रचू या. आये थकली. मामा पण थकला. या वेळी मी स्वतः बसतो, तुझी दुखरी कंबर नको मधे." मी बशीत चहा ओतत राहिलो. "कशाला आता?" म्हणालो. तू माझ्याकडं बघितलंस. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलंस, असं आता वाटतं. तुला कळलं होतं का? का नुसतं ऊन डोळ्यांवर आलं होतं? पुढचं मी तुला विचारू शकत नाही, आणि तुझं जाणं मात्र माझ्या हातानं झालेलं नाही, एवढाच काय तो मला आधार. दिवाळीपर्यंत तू थांबला नाहीस.

तुझ्या दहाव्याला नीरेच्या काठावर कोंडीबामामा आले होते. वरून चालत जीपपर्यंत, मग एसटी. काखेत दुखवट्याचं लुगडं, बहिणीसाठी, माहेरचं म्हणून. तुझी आई पायरीवर बसली होती. मामा तिच्यापासून थोडे लांब उभे राहिले. तिनं बघितलं नाही. ठेव असं कुणी म्हणालं नाही. बराच वेळ तसे उभे राहून त्यांनी लुगड्याची घडी पुन्हा काखेत घातली.

मग माझ्यापाशी आले. "पोरगं चांगलं व्हतं, मास्तर. माज्या दारावरनं जाताना कंदी मान खाली घातली न्हाई त्यानं. रामराम घालायचा." मी मान हलवली. जाता जाता थांबले, आणि हळूच म्हणाले, "तुमी तेवडं कुनाला बोलला न्हाई. लई उपकार झाले."

मारुती, त्या माणसानं माझे आभार मानले.

काल संध्याकाळी क्लासचं कुलूप काढलं. फळ्यावर तुझी शेवटची ओळ अजून आहे, अर्धी बाहीनं पुसलेली. तो कॉम्प्युटर चालू केला, तुझा प्रोग्राम लावला. सुरुवातीचे दिवस भराभर गेले. मग ती जागा आली. मागं फिर. मागं फिर. मागं फिर. या वेळी मी चहाला उठलो नाही. पडदा भरत गेला, पाऊल लहान लहान होत गेलं, आणि मग रेघ उभी वर गेली. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी मोठ्यानं म्हणालो, "हितं." ऐकायला कुणी नव्हतं.

तुझ्या गणितात चूक नव्हती. हे तुला सांगायला मी किती उशीर केला ते मला माहीत आहे.

आणि हे लिहिणं मला जमलं, याचं मोठं श्रेय घ्यावं असंही काही नाही. तुझ्या आईला वाचता येत नाही, मामांनाही येत नाही. अंक छापून आला, मुलांनी वाटला, तरी त्या ओहळाच्या दोन्ही काठांवर काहीच बदलणार नाही. तिथं तोंडानंच सांगावं लागेल. आणि किती चूक चालेल हे मी ठरवायचं नव्हतं, हेही आता कळतं. ज्यांना त्या उत्तराबरोबर जगायचं होतं, ती दोघं वर वस्तीवर आहेत.

गंजी परत रचायची गरज नाही. ती पेटली होती. तुझं माझ्याकडं राहिलं आहे ते एवढंच: भाऊबीजेच्या आत वर जायचं, तुझ्या आईला आणि कोंडीबामामांना एका जागी उभं करायचं, आणि सांगायचं की गंजी आपोआप पेटली, मामांनी ती विझवली, आणि मी तिथं नव्हतो. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.